एकास चौदा

४ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र मिळालं. म्हणजे मला नाही, रेडिओ केंद्राला. वर "माननीय वृत्तनिवेदिका यांस" आणि खाली तुमच्या बाटल्यांच्या कारखान्यातल्या चाळीसेक बायकांच्या सह्या, काहींचे अंगठे. श्रोत्यांच्या पत्रांचा गठ्ठा दर मंगळवारी माझ्या टेबलावर येऊन पडतो. कुणाला जुनी गाणी हवी असतात, कुणी हवामानावर रुसलेलं असतं आणि राग माझ्यावर काढतं. त्या गठ्ठ्यात तुझं अक्षर. 'ळ' अजून तसाच काढतेस, पोट फुगलेला. सह्यांमध्ये तुझी सही नाही. पण लिहिलंय कुणी, हे कळायला मला सही लागते का?

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणी लिहिता येईल. तू आईचे कानातले विकून परवाना काढलास आणि माझ्या लग्नाच्या तोंडावर सीमेपार निघून गेलीस, तेव्हा मी आईच्या बाजूने उभी राहिले. आजही उभी आहे. इतकी वर्षं तू एक ओळ लिहिली नाहीस, मीही नाही. तेव्हा हिशेब बरोबरीत आहे.

आता तुमची तक्रार. तुमच्या पगाराचे तीनपैकी दोन वाटे, तुम्हाला तिकडे कामाला नेणाऱ्या मुकादमाच्या इथल्या कचेरीतून घरच्यांना आपल्या पैशांत मिळतात. कोणत्या भावाने, तर करारात लिहिल्याप्रमाणे "सीमा केंद्रावरून रेडिओवर जाहीर होणाऱ्या दराने". आणि मी गेलं वर्षभर रोज संध्याकाळी बातम्यांच्या शेवटी एकच दर वाचते, एकास चौदा. त्यांच्या एकाला आपले चौदा. बाजारात मात्र त्यांच्या एका नोटेला तीसच्या वर मिळतात. मधले सगळे मुकादमाच्या खिशात. "बाई, तुम्ही तोंड उघडता आणि आमचा पगार अर्धा होतो." हे वाक्य तुझंच. दुसऱ्या कुणाला सुचणार नाही.

केंद्राचं छापील उत्तर पोस्टाने येईलच, की केंद्र दर ठरवत नाही, अर्थखात्याकडून येतो तो वाचतं. माझं उत्तरही तेच आहे. मी कागद वाचते. कागद मी लिहीत नाही.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, ती कुरकुरत नाही. तुझे पैसे घ्यायला महिन्याला स्वतः कचेरीच्या खिडकीवर जाते. तुझे पैसे घेते, तुझं नाव घेत नाही.

ताई


१९ फेब्रुवारी

बारके,

तुझं चिठ्ठीवजा पत्र घरी आलं. बरं झालं, टपाल मीच घेतलं.

तू एकच प्रश्न विचारलायस. राजधानीहून नवी मुलगी तुमच्याकडे कामाला आली आहे, ती म्हणते की राजधानीच्या केंद्रावर दोन दर वाचतात. एक व्यापाऱ्यांसाठी, चौदा. दुसरा परदेशात राबणाऱ्यांनी घरी धाडलेल्या पैशांसाठी, एकतीस. "ताई, तुझ्या कागदावर ओळी किती असतात?"

राजधानीत काय वाचतात ते मला कसं ठाऊक असणार? संध्याकाळी सातला मी स्वतःच माइकपुढे असते.

तुला आठवतं का, तू गेलीस तेव्हा दर एकास नऊ होता. तेव्हा मी नवी होते, 'परकीय' म्हणताना जीभ अडखळायची आणि तू स्वयंपाकघरातून माझी नक्कल करायचीस. माझं लग्न झालं तेव्हा दहा. निवडणुकीनंतर बारा. मग कारखाने बंद पडायला लागले आणि एका आठवड्यात चौदा. तिथे सरकारने खुंटी ठोकली. दर खुंटीला आणि महागाई गच्चीवर. मी लोकांच्या आठवणी अशाच लावते आता. शेजारचे काका वारले तेव्हा किती होता? अकरा. आमचं मूल राहिलं नाही तेव्हा? तेराच्या जवळ. हे तुला कुणी कळवलं नसेल. असो.

तुझे दाजी, तू त्यांना पाहिलेलंच नाहीस, केंद्रावरच ध्वनितंत्रज्ञ आहेत. काचेपलीकडे बसतात. मी वाचते, ते माझा आवाज लहानमोठा करतात. घरी मात्र मी एकटीच बोलते आणि ते फक्त ऐकतात. घरही केंद्राचंच, आवारातलं, दोन खोल्यांचं. म्हणजे पगार दोघांचा, छप्पर आणि शेजार, सगळं एकाच शिक्क्याखाली. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. आम्ही तर माशाच्या पोटातच राहतो.

तुझ्या प्रश्नाचं मला काही सांगता येणार नाही. आणि यापुढे पत्र घरी पाठवू नकोस. परवा एक पाहुणे येऊन गेले. तसं विशेष काही नाही. तुमच्या गावाहून येणाऱ्या बसचा कंडक्टर भला माणूस आहे, आईच्या ओळखीचा. त्याच्याकडे दे.

डोळे सांभाळ. दिवसभर दिव्यापुढे बाटल्या धरून तडा शोधायचा म्हणजे डोळ्यांचं काय होत असेल, ते मला माहीत आहे. नव्हतं माहीत, पण परवा विचारलं एकाला.

ताई


२ मार्च

बारके,

हे पत्र पोस्टात घातलेलं नाही. वाचून झालं की फाडून टाक. चुलीत घाल, भट्टीत घाल, तुमच्याकडे भट्ट्यांना काय तोटा.

ओळी दोन असतात.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात पहिल्यांदा आली दुसरी ओळ. "परदेशस्थ कष्टकऱ्यांनी स्वगृही धाडलेल्या रकमांसाठी विशेष दर", तेव्हा एकास सव्वीस होता, आता एकतीस. अर्थखात्याचा कागद दुपारी केंद्राच्या साहेबांकडे येतो आणि त्यांच्याकडून माझ्याकडे. दुसऱ्या ओळीवर पेन्सिलीची बारीक रेघ मारलेली असते. शाई नाही. पहिल्या दिवशी मी विचारलं, "साहेब, ही ओळ?" ते म्हणाले, "अहो, वेळ कुठे आहे? हवामान कापू की काय?" मी हसले. तिथेच विषय संपला. दुसऱ्या दिवशी रेघ होतीच, तिसऱ्या दिवशीही, मग मी विचारणंच सोडलं. कुणी मला दमही दिला नाही, ही त्यातली गंमत. नुसती रेघ पुरली.

साहेब आणि मुकादम साडू आहेत. हे मला दिवाळखोर ठरलेल्या सूतगिरणीच्या लिलावात कळलं, दोघांच्या बायका शेजारी बसल्या होत्या आणि नाकं अगदी एका साच्यातली.

आणि ते पाहुणे, ते मुकादमच होते. मागच्या पत्रात मी ते लपवलं. घरात आले, खुर्ची स्वतः ओढून बसले, आईला वाकून नमस्कार केला. म्हणाले, "बाई, तुमचा आवाज म्हणजे खणखणीत नाणं. माझ्या कामगार पोरी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात." मग पाणी प्यायले. मग म्हणाले, "तुमची धाकटी बहीण आमच्याकडेच आहे ना? हुशार आहे. पत्रंबित्रं फार छान लिहिते. तिचा परवाना माझ्याच नावावर आहे. दर सहा महिन्यांनी मला सही करावी लागते. वय झालं आता, कधी कधी विसरायला होतं."

मी म्हटलं, "विसरू नका." एवढंच. रोज हजारो लोकांपुढे बोलते मी आणि त्या माणसापुढे माझ्या तोंडून दोन शब्द निघाले.

ते गेल्यावर आईने त्यांचा पेला उचलला आणि राखेने घासला. दोनदा.

तुझ्या दाजींना मी सगळं सांगायला बसले. त्यांनी मध्येच हात वर केला. "मला सांगू नकोस." मी भडकले. म्हटलं, "अहो, नवरा आहात ना माझे?" ते म्हणाले, "नवरा आहे म्हणूनच. आवाजाच्या पटलावर मी असतो. तू काय करणार हे मला आधी माहीत असलं तर तुला थांबवायची जबाबदारी माझी. लेखी आहे ते. माहीत नसलं तर मी नुसता गाफील." नोकरी लागल्यापासून ते इतकं सलग बोलले नव्हते.

तर आता असं आहे. ती ओळ मी एकदा वाचली की ती "जाहीर" झाली. करार करारच आहे, मुकादमाला एकतीसने द्यावे लागतील. तुझा परवाना जाईल. आमची नोकरी जाईल, छप्पर जाईल. आई माझ्याजवळ आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तुम्ही चाळीस जणी आहात, माझी बहीण त्यात एकच आहे. मला हा हिशेब जमत नाही. तू सांग. पण विचार करून सांग, तोऱ्यात सांगू नकोस. तुझा तोरा मला ठाऊक आहे.

ताई


११ मार्च

बारके,

तुझं उत्तर कंडक्टरने दिलं. कागदाच्या चिटोऱ्यावर एक शब्द. "वाच."

आणि खाली, "परवान्याचं मी बघते, तू माझी आई होऊ नकोस."

वाच म्हणणं सोपं असतं गं. मी तुझ्यावर फार चिडले. दिवसभर चिडले. संध्याकाळी कागद आला, त्यावर रेघ होती. मी वाचलं, एकास चौदा. धून वाजली. घरी आले.

दुसऱ्या दिवशीही तेच.

तू तिकडे रेडिओपुढे बसून वाट पाहत असशील, हे मला दिसत होतं. मी चौदा म्हटल्यावर तू काय म्हणाली असशील, तेही ऐकू येत होतं. ऐकू येऊनही वाचलं नाही. तुला खोटं सांगत नाही. कारण वगैरे काही नाही.

ताई


१७ मार्च

बारके,

तू ऐकलंस का? लाट त्या दिवशी साफ होती म्हणतात, नदीपलीकडे दूरवर ऐकू गेलं. पण तू ऐकलंस का?

काय झालं ते क्रमाने सांगते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

गुरुवारी कागद नेहमीपेक्षा उशिरा आला. साहेब स्वतः घेऊन आले. ते कधी येत नाहीत. रेघ या वेळी शाईची होती, जाड. टेबलावर कागद ठेवून म्हणाले, "बाई, बहिणीची खुशाली कळते ना?" आणि गेले. आता वाटतं, त्यांनी ती चौकशी केली नसती तर मी त्या दिवशीही चौदावरच थांबले असते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमच्या टेबलावर जाड लोकरी कापड ताणून बसवलेलं असतं, कागदाची सळसळ माइकमध्ये जाऊ नये म्हणून. मी हात त्यावर ठेवला तर खाली घामाचा पंजा उमटला. लाल दिवा लागला. पुलाची बातमी वाचली. रुग्णालयातल्या संपाची वाचली. हवामान वाचलं, ढगाळ. मग, "परकीय चलन. आजचा अधिकृत दर, एकास चौदा."

इथे मी थांबते आणि तुझे दाजी शेवटची धून वर आणतात. वर्षानुवर्षं असंच चालतं, त्यांना माझ्याकडे बघावंही लागत नाही. धून सुरू झाली. आणि मी बोलले, "परदेशस्थ कष्टकऱ्यांनी..."

माझा आवाज धुनेखाली बुडत होता. मला तो कानातल्या यंत्रात ऐकू येत होता, पाण्याखालून बोलल्यासारखा. त्यांनी मान वर केली. काचेतून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांचा हात माझ्या आवाजाच्या खटक्यावरही होता आणि धुनेच्याही. एक खाली ओढला की मी संपले, आणि त्यांना कुणी काही म्हणालं नसतं. नियमच तसा आहे.

त्यांनी धून खाली घेतली.

एकदम शांतता झाली. स्टुडिओतली शांतता तुला माहीत नाही, त्यात स्वतःचं गिळणं ऐकू येतं. मी ओळ पहिल्यापासून वाचली. "परदेशस्थ कष्टकऱ्यांनी स्वगृही धाडलेल्या रकमांसाठी विशेष दर, एकास एकतीस." पलीकडे त्यांच्या खोलीत टेलिफोन वाजायला लागला. काचेमुळे ऐकू येत नव्हता, त्याचा दिवा लुकलुकताना दिसत होता. त्यांनी उचलला नाही. मी म्हटलं, "पुन्हा सांगते, एकास एकतीस." मग "बातम्या संपल्या," असं मी म्हणाले.

ते आत आले. माझ्या हातातला कागद घेऊन त्यांनी घडी घातली आणि म्हणाले, "शेवटी 'एकतीस'मधला 'ती' थोडा फुटला." एवढंच. मी रडले तेव्हा बाजूला उभे राहिले.

सकाळी दोघांना निलंबनाचे कागद मिळाले. मी घरी आले तर आई दारात चपला घालत होती. महिन्याचा दिवस नव्हता, तरी निघाली होती. मी मागोमाग गेले.

मुकादमाच्या कचेरीपुढे आधीच रांग होती. कुणी निरोप दिला नव्हता, तरी सगळे जमले होते. म्हातारे बाप, कडेवर मुलं घेतलेल्या सुना, एक काठी टेकत आलेला नवरा. आई सरळ पुढे गेली. खिडकीतला कारकून तिला ओळखतो. म्हणाला, "मावशी, चौदानेच मिळतील. काल रेडिओवर चुकून वाचलं गेलं."

आई म्हणाली, "माझी मुलगी चुकत नाही."

"कुठली मुलगी? ती रेडिओवरची?"

आई म्हणाली, "दोन्ही."

बारके, मी तिच्या मागेच उभी होते. मला हे कुणी सांगितलेलं नाही, मी ऐकलंय. मग तिने त्याला तुझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, पावतीवर असतं तसं. "तिच्या कष्टाचे आहेत. एकतीसने मोज."

त्याने खिडकी लावून घेतली. कुणी हललं नाही. ऊन चढलं, आई पायरीवर बसली, बाकीचेही बसले. कुणीतरी घरून रेडिओ आणून पायरीवर ठेवला, जणू तोच साक्षीदार. आरडाओरडा झाला नाही, तेच जास्त भीतीचं होतं. दुपार उलटल्यावर आतून फोनवर बोलल्याचे आवाज आले, मग खिडकी उघडली आणि एकतीसने मोजायला सुरुवात झाली. निम्म्या रांगेत नोटाच संपल्या. उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी दिल्या.

तुझं काय झालं? मला लगेच कळव. कंडक्टर म्हणाला, तुमच्या फाटकावर पोलीस होते.

ताई


६ एप्रिल

बारके,

तुझा निरोप आला, जीव भांड्यात पडला. परवाना रद्द करायला निघाले होते आणि तुम्ही चाळीसही जणी तडा शोधायच्या पट्ट्यावरून हात काढून उभ्या राहिलात, हे वाचून तुझ्या दाजींनी पत्र दुसऱ्यांदा वाचायला मागितलं. त्यांनी आजवर कुणाचं पत्र दोनदा वाचलेलं नाही. एकीला काढायचं तर सगळ्यांना काढावं लागेल, आणि तपासल्याशिवाय बाटल्या बाहेर जात नाहीत. छान केलंत. हे मी कोरडेपणी लिहितेय, पण तसं नाही ते.

आता तुमच्या वकीलबाईंचं पत्र मिळालं. तुम्ही तिकडच्या कामगार न्यायालयात दावा लावलाय. या महिन्याचे मिळाले, पण मागचे? दुसरी ओळ पहिल्यांदा आली त्या दिवसापासूनचा फरक हवा. सव्वीस, अठ्ठावीस, एकोणतीस, एकतीस, कोणत्या महिन्यात किती होता ते सरकारी राजपत्रात छापलेलंच आहे, त्यावर वाद नाही. मुकादम म्हणतो, "दर असेल, पण रेडिओवर जाहीर झाला नव्हता. करारात जाहीर दर लिहिलाय." म्हणून मी यायचं आणि सांगायचं.

अर्थखात्यातून एक गृहस्थही येऊन गेले. गोड बोलणारे. म्हणाले, "साक्ष द्या, आमची हरकत नाही. फक्त एवढंच म्हणा, की वरिष्ठांच्या आदेशानुसार दुसरी ओळ वाचली नाही. बस्स. मग दोष साहेबांवर जातो, तुमची चौकशी मिटते, पेन्शन सुटते. तुमच्या यजमानांचीही." यात खोटं काय आहे, तूच सांग? रेघ साहेबांचीच होती.

केंद्राचं घर महिनाअखेर सोडायचं आहे. सामान बांधतोय. इतकी वर्षं राहून सामान एवढंसं.

सुनावणीला येते. तुझ्याकडे उतरणार नाही, काळजी करू नकोस. वकीलबाईंनी सोय केली आहे.

ताई


२९ एप्रिल

बारके,

तू उठून गेलीस. त्यानंतर काय झालं ते तुला मैत्रिणींनी सांगितलं असेलही. पण मलाच सांगायचं आहे.

तू तिसऱ्या बाकावर होतीस. केस एवढे कापलेस कधी? पहिल्यांदा मी ओळखलंच नाही, मग तू नाक ओढलंस आणि ओळखलं. त्यामुळे शपथ घेताना माझा गोंधळ झाला.

मुकादमाच्या वकिलाने विचारलं, "दुसरी ओळ तुम्ही का वाचली नाहीत?" आणि मी म्हणाले, "वरिष्ठांचा आदेश होता." घोकलेलंच होतं. अगदी बातमीसारखं बाहेर आलं, ठसठशीत. तेव्हाच बाक सरकल्याचा आवाज झाला. तुझी पाठ दिसली, मग दार.

वकील खूश दिसला. त्याच्या खूश होण्याचं कारण मला जरा उशिरा कळलं. आदेशाने थांबवलेला दर म्हणजे जाहीर न झालेलाच दर. माझ्या एका वाक्याने तुमचा दावा बुडत होता, आणि मी त्याला जीवदान देऊन बसले होते.

मग न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "आदेश लेखी होता?"

"नाही."

"तोंडी?"

मी आठवलं. साहेबांनी मला 'वाचू नका' असं म्हटलेलं एकही वाक्य मला आठवेना. "नाही," म्हटलं. "पेन्सिलीची रेघ होती."

"रेघेखालचे शब्द वाचता येत होते?"

"स्वच्छ."

"मग तो कागद वाचण्यासाठी तुमच्याकडे आला, तेव्हा दुसरी ओळ वाचायला तुम्हाला कुणी अडवलं होतं का?"

बारके, समोर कागद नसताना मी चारचौघांत कधी बोललेले नाही. लहानपणी तू बोलायचीस, मी ऐकायचे. नंतर कागद बोलायचा, मी वाचायचे. त्या पिंजऱ्यात माझ्यापुढे नुसता लाकडाचा कठडा होता. अर्थखात्याचे गृहस्थ मागे बसलेले होते, तुझे दाजी त्यांच्या बाजूला. मी दाजींकडे बघितलं. त्यांनी हात मांडीवर उघडे ठेवले होते.

मी म्हटलं, "नाही. कुणी अडवलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून मी वाचू शकत होते. दर खात्याने जाहीर करायला पाठवला होता, आणि तो जाहीर करणं माझं काम होतं. मी केलं नाही. मला घर जाण्याची भीती होती."

अर्थखात्याचे गृहस्थ टोपी घेऊन उठले.

पुढे वकिलांची बरीच वादावादी झाली, ती मला नीट कळली नाही. निकाल मात्र कळला. दर पाठवला गेला होता, तो लोकांपर्यंत पोचू नये म्हणून मुकादमाच्या साडूने, म्हणजे साहेबांनी, रेघ मारून खोडा घातला, आणि ज्याच्यासाठी खोडा घातला त्याला खोड्याचा फायदा घेता येणार नाही. पहिल्या दिवसापासूनचा फरक, महिन्यामहिन्याच्या दराने. आणि वर्षभर कुणाचाही परवाना विनाकारण रोखायचा नाही. मुकादम वर अपील करणार आहे, पण निम्मी रक्कम आधी भरावी लागेल.

बाहेर तुमच्यातली एक जाडजूड मावशी मला येऊन भेटली. हात धरून नुसती बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे तुम्हीच त्या? आवाजावरून मी तुम्हाला उंच समजायचे." सगळ्या हसल्या. मी पण हसले. मग बसची वेळ झाली.

काल मला बडतर्फीचा कागद आला. पेन्शन नाही. दाजींना डोंगरावरच्या प्रक्षेपण मनोऱ्यावर टाकलंय, अर्ध्या पगारावर. आठवड्यातून दोनदा घरी येतात. म्हणतात, तिथे छान शांतता आहे.

तू उठून गेलीस ते बरोबरच होतं. तेव्हापर्यंत मी जे बोलले होते, त्यावर मीही उठले असते.

ताई


२२ मे

बारके,

तुझं कार्ड आलं. "रविवारी सुट्टी आहे. येऊन जाईन म्हणते. स्टँडवर येऊ नका कोणी, घर मला माहीत आहे."

पत्रांच्या पत्त्यावरून तुला माहीत आहे ते घर आता आपलं नाही. तिथे नवी निवेदिका राहते. बरी वाचते, दोन्ही ओळी वाचते. या आठवड्यात एकास तेहेतीस.

तर नीट वाच. स्टँडवरून बाहेर आलीस की उजवीकडे, औषधांच्या दुकानापर्यंत. तिथून गल्ली आत जाते, चिंचोळी आहे, सायकली आडव्या लावलेल्या असतात. तिसरं दार शिंप्याचं. मशीनचा आवाज येतच असतो, चुकणार नाहीस. आम्ही त्याच्यावरच्या खोलीत राहतो. सकाळी मी त्याच्याकडे काजं करते, दुपारी शेजारची दोन मुलं पाठांतराला येतात, त्यांच्या आया म्हणतात, बाईंचे उच्चार स्वच्छ आहेत. जिना अंधारा आहे, चौथी पायरी निखळलेली आहे, तिच्यावर पाय देऊ नकोस.

खोली एकच आहे. तुला आईशेजारी झोपावं लागेल. ती घोरते, आणि घोरत नाही म्हणते. काल तिने तुझ्यासाठी उशीला नवा अभ्रा शिवून घेतला. शिंप्याने पैसे घेतले नाहीत, तर तिने त्याला खडसावलं आणि दिलेच. कानातल्यांचं ती काही बोलेल. बोलू दे तिला. तिला इतकी वर्षं बोलायचं आहे, मध्ये तोंड घालू नकोस. मीही तेव्हा तिच्या बाजूने असेन, ते आधीच सांगून ठेवते. मग जेवू.

दाजी शनिवारी डोंगरावरून उतरतील. ते काही बोलले नाहीत तर मनाला लावून घेऊ नकोस.

दार आतून लावलेलं असतं आणि मशीनच्या घरघरीत ठोठावलेलं ऐकू येत नाही. तेव्हा गल्लीत उभी राहा आणि चांगली मोठ्याने हाक मार. आई खिडकीतच बसलेली असेल.

ताई